पोकलेनची उचकी

“ह्या खंडेनवमीला पहिला मान लॅपटॉपचा,” नाना म्हणाले, आणि दस्तगीरचाचांच्या बशीतला चहा लेंग्यावर सांडला.

“कुणाचा मान?”

“लॅपटॉपचा!” नानांनी आवाज चढवला. “मशिनीचं दुखणं सांगणारं सॉफ्टवेअर घ्यायचंय न्हवं आपल्याला? आज दोघं जण दाखवायला येणार हाईत. मंजू बघंल, एक पसंत करंल. उद्या पूजेत मांडू.”

चाचांनी बशी फरशीवर ठेवली. लेंगा झटकला. मग भिंतीला टेकवलेला आपला हातभर लांब पेचकस उचलला, फडक्यानं पुसला आणि होता तिथंच परत टेकवला.

“मग उद्या मी शेळ्या घेतो,” ते म्हणाले.

“शेळ्या कशाला मधीच?”

“राखायला. लॅपटॉप आल्यावर मशिनीला माझं काय काम? शेळीला सॉफ्टवेअर लागत न्हाई. बें केलं की कळतं, भूक लागली.”

नाना खो खो हसले. मला हसू आलं नाही. चाचा जे हसत हसत बोलत ते करून दाखवत. एकदा असंच हसता हसता म्हणाले होते, आता बिडी बंद. त्या दिवसानंतर त्यांच्या ओठाला बिडी लागलेली कुणी पाहिली नाही.

आमचं गॅरेज विट्याच्या रस्त्याला, फाट्यावर. मागं डोंगर, डोंगराला खाणी लागलेल्या, खाणींच्या पायाशी खडीचे क्रशर. तिथल्या पोकलेन, डंपर, लोडर दुखायला लागले की आमच्या दारात येत. गॅरेज नानांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, पण गॅरेजचा कान दस्तगीरचाचांचा. इंजिन चालू करायचं, पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. वैद्य नाडी बघतो तसं. मग डोळे उघडून सांगायचे, “घोरतंय.” नाहीतर, “कण्हतंय.” नाहीतर, “दात खातंय, गिअरचं बघा.” डिप्लोमा करून मी घरी परतले, तेव्हा पुस्तकातलं बरंच काही घेऊन आले होते. पण मशीन रुसते म्हणजे काय, आणि रुसलेली मशीन नि दमलेली मशीन ह्यांच्यात फरक काय, हे पुस्तकात नव्हतं. ते मी चाचांच्या मागं मागं फिरून शिकले.

त्यातली माझी लाडकी उचकी. इंजिन सरळ चाललेलं असतं आणि मधेच एक आवंढा गिळतं, थांबतं, पुन्हा सरळ. आमच्याकडं माणसाला उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय म्हणतात. एकेक नाव घेत जायचं, बरोबर नाव लागलं की उचकी थांबते. चाचा मशिनीलाही तेच औषध द्यायचे. समोर उभं राहून विचारायचे, “कोण गं आठवण काढतंय? क्रशरवाले शेठ? न्हाई? डायव्हरची बायको? न्हाई? तुझ्या कंपनीवाल्यानं काढली काय?” आणि कुठल्याशा नावाला मशीन गप्प व्हायची. लहानपणी मला तो चमत्कार वाटायचा. नावं घेता घेता त्यांचा हात डिझेलच्या नळ्यांवरून फिरत असतो आणि जिथून नळी हवा ओढते तिथली पट्टी आवळत असतो, हे कळेपर्यंत मी चांगली मोठी झाले होते. कळल्यावरही गंमत कमी झाली नाही.

पण नव्या मशिनी नुसत्या कानाला दाद देईनात. त्यांच्या पोटात कॉम्प्युटर. काही बिनसलं की समोर दिवा पेटायचा आणि एक नंबर यायचा, आणि त्या नंबराचा अर्थ कंपनीच्या सॉफ्टवेअरलाच ठाऊक. कंपन्या आपलं सॉफ्टवेअर आपल्याच इंजिनिअरांना देत. ते यायचे त्यांच्या सवडीनं, तोवर मशीन आमच्या दारात आणि शेठ आमच्या डोक्यावर. शिवाय आमच्याकडची मशिनरी म्हणजे लग्नाचं वऱ्हाड, प्रत्येकीचं माहेर वेगळं. म्हणून बाहेरच्या लोकांनी बनवलेलं, सगळ्या कंपन्यांच्या मशिनीला चालणारं सॉफ्टवेअर घ्यायचं असं मीच नानांच्या मागं लागले होते. नानांनी शेवटी मान डोलावली, आणि वर म्हणाले, “पसंत तू करायचं. पूजेत बसलं की घरचं झालं. घरचं माणूस परत पाठवता येत न्हाई, ध्यानात ठेव.”

घरचं माणूस. ते ऐकताना माझी नजर चाचांकडं गेली होती. नवं माणूस आणायच्या नादात जुनं माणूस उठून गेलं तर?

“चाचा,” मी त्यांच्या जवळ जाऊन म्हटलं, “खोट घातली का?”

त्यांचा चेहरा एकदम उजळला. “घातली की! काल सांजेला. अशी घातलीय की दोघं बी दिवसभर घाम पुसत बसतील.”

ही आमच्या गॅरेजची रीत. नवा मिस्त्री कामाला यायचा असला की आदल्या दिवशी चाचा एखाद्या धडधाकट मशिनीत गुपचूप काहीतरी बिघडवून ठेवत. त्याला म्हणायचं खोट. नव्या माणसानं ती शोधायची. सापडली नाही तरी हरकत नसे. न सापडल्यावर माणूस काय करतो, ते चाचा बघत. नाना म्हणाले होते, माणसाला जी परीक्षा, ती लॅपटॉपलाही.

पहिला आला मगदूम. इचलकरंजीहून मोटरसायकलवर, पाठीला सॅक, सॅकमध्ये टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. माझ्याहून थोडाच मोठा असेल. दोघा मित्रांसोबत त्यानं स्वतःच हे सॉफ्टवेअर लिहिलं होतं.

“काय वं चाचा, नाष्टा झाला न्हवं?” त्यानं आल्या आल्या विचारलं.

“रस्ता? हाच रस्ता. सरळ विट्याला जातोय.”

मगदूमला ही थट्टा फार आवडली. “मला घालवायला बघताय काय? अजून हेल्मेट बी काढलं न्हाई!”

सगळे हसले. चाचाही हसले, पण जरा उशिरानं, आमचं बघून.

मग गाडीतून पुष्कर उतरले. पुण्याच्या मोठ्या कंपनीचे माणूस, इस्त्रीचा शर्ट, चकचकीत पेटी, पेटीत प्रत्येक केबलला आपली आपली खोबण. स्वभाव मात्र साधा. शर्टाला ग्रीस लागलं तर त्यांनी त्याकडं बघितलंही नाही.

“काका, इथे चार्जिंगचा पॉइंट कुठे आहे?”

“जॉइंट? सगळ्या जॉइंटांना कालच ग्रीस मारलंय,” चाचा म्हणाले.

पुन्हा हशा. आई चहाचं आधण ठेवायला आत गेली आणि जाता जाता म्हणाली, “भावजी आज भलतेच रंगात हाईत.”

पोकलेन अंगणाच्या मधोमध उभी होती. शेठची लाडकी, पिवळीधमक, हात आभाळाकडं. ती आली की आई हटकून गुणगुणायची,

पोकलेन माझी बाई, उभी डोंगराच्या दारी
हात लांब लांब तिचा, आभाळाचं चांदणं उतरी

दोघांनी पाळीपाळीनं आपापली वायर सीटखालच्या सॉकेटात खोचली. चाचा हाताची घडी घालून, मिशीत हसत उभे राहिले. आईच्या चहाला उकळी फुटायच्या आत दोन्ही लॅपटॉपांनी एकच उत्तर दिलं होतं, डिझेल फिल्टरखाली पाणी ओळखणारा सेन्सर आहे, त्याची जोडणी निघालीय.

“हीच का तुमची खोट?” पुष्करनी विचारलं.

चाचांनी घडी सोडली. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. ते गेले, वाकले, सेन्सरचं कनेक्टर टक करून बसवलं आणि मागं न बघता म्हणाले, “चहा झाला काय वहिनी?”

नाना माझ्या कानाशी लागले. “बघितलंस? चहाच्या आधी!” त्यांना आनंद झाला होता आणि आनंदाची थोडी लाजही वाटत होती.

“इंजिन चालू करा की वं,” मगदूम म्हणाला. “जिवंत आकडे दाखवतो. चालत्या मशिनीत आत काय चाललंय ते सगळं पडद्यावर.”

इंजिन धडधडलं. पडद्यावर रंगीत रेघा पळायला लागल्या. आम्ही सगळे पडद्याकडं बघत होतो आणि मला ऐकू आलं. सरळ, सरळ, आवंढा. सरळ. आवंढा, आवंढा. सरळ.

पुन्हा दिवा पेटला.

“ही दुसरी खोट का?” नानांनी विचारलं.

“एकच घातली हुती,” चाचा म्हणाले.

पुष्करच्या पडद्यावर लाल चौकट आली. त्यांनी वाचून दाखवलं, “इंजेक्टरच्या मुख्य नळीत डिझेलचा दाब कमी. उपाय, हाय प्रेशर पंप बदला.”

पंप बदला म्हणजे शेठला आडवं पाडणारं काम. पण नाना खूष. “ह्याला म्हणतात छातीठोक! मंजे, असं पायजे. तुझं काय सांगतंय रं मगदूम?”

मगदूमनं मान खाजवली. त्याच्या पडद्यावरची चौकट पिवळी होती. “दाब कमी झालाय एवढं सांगतंय. कशानं, ते नक्की न्हाई म्हणतंय. येणारी नळी बघा, फिल्टर बघा, मग पंप बघा.”

“म्हणजे ठाऊक न्हाई म्हणतंय!”

“न्हाई म्हणतंय,” मगदूम हसला. “खरं बोलतंय बिचारं.”

त्या पिवळ्या चौकटीखाली एक रिकामी पांढरी चौकट होती. मी तिच्याकडं बघत होते, तेवढ्यात नानांनी हाक मारली.

“दस्तगीर! तू ऐक बरं. तुझं काय म्हणणं?”

चाचांनी भिंतीचा पेचकस घेतला. टोक इंजिनाला, मूठ कानाला. डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले. मूठ एका कानाची दुसऱ्या कानाला लावली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

मग डोळे उघडून ते म्हणाले, “झकास. घड्याळागत चाललंय.”

आणि नेमक्या त्याच क्षणी इंजिनानं मोठा आवंढा गिळला.

नानांनी चाचांकडं बघितलं. पुष्करनी पायाखालच्या मातीकडं. मला मात्र गेले कित्येक महिने एकामागून एक दिसायला लागले. रस्ता आणि नाष्टा. जॉइंट आणि पॉइंट. आणि पाडव्यापासून चाललेलं ते एक, कुठलीही मशीन आली की मला पुढं करायचं आणि विचारायचं, “तुला काय वाटतं पोरी, काय म्हणती ही?” मी समजत होते, मला शिकवतायत. शिकवतही असतील. पण माझे कानही उसने घेत होते. जन्मभर इंजिनांच्या शेजारी उभे राहिलेले ते कान इंजिनांनीच हळूहळू खाऊन टाकले होते.

मी पुढं झाले. काय करतेय हे ठरवलं नव्हतं. त्यांच्या शेजारी उकिडवी बसले, त्यांचा पालथा हात उलटा केला आणि तळव्यावर बोटं वाजवायला लागले. इंजिन जसं चाललं होतं तसं. आईच्या ओव्यांवर ठेका धरायची बोटांना लहानपणापासून सवय होती. सरळ, सरळ, आवंढा. सरळ. आवंढा, आवंढा. सरळ.

चाचांनी माझ्याकडं बघितलं. एवढ्या जवळून त्यांनी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. माझी बोटं थांबली नाहीत.

“उचकी,” ते ओठांतल्या ओठांत म्हणाले.

“मग नाव घ्या की चाचा!” मी ओरडलेच. “कोण आठवण काढतंय हिची?”

त्यांचा एक हात माझ्या बोटांखाली, दुसरा डिझेलच्या टाकीकडं निघाला. “क्रशरवाले शेठ काय गं?”

माझी बोटं सांगत होती, उचकी आहे.

“डायव्हरची बायको?”

आहे.

“पुण्याचे पाव्हणे?”

“मी तर आजच भेटलो हिला!” पुष्कर म्हणाले आणि पहिल्यांदा मोकळं हसले.

“माझी बायको असंल,” मगदूम पडद्यावरून डोळे न काढता म्हणाला. “ती सगळ्यांच्या नावानं आठवण काढती. अहो, पण हे बघा! ताई ठेका देत्यात तशीच ही रेघ खाली येतीय! तस्सीच!”

खरंच. पडद्यावरची दाबाची रेघ माझ्या बोटांबरोबर आवंढे गिळत होती.

चाचांचा हात नळीवरून सरकत सरकत फिल्टरपाशी आला आणि थांबला. ते वाकले. नळीवरची पट्टी सैल होऊन तिरपी झाली होती, आणि तिच्या शेजारी, तेलकट पत्र्यावर, चपलेचा ठसा होता. टाचेला चंद्रकोरीएवढी झीज असलेला. ही चप्पल आमच्या अख्ख्या गॅरेजला ओळखीची.

चाचांनी ठशाकडं बघितलं. मग आपल्या पायाकडं. काल सांजेला खोट घालायला ते इथंच चढले होते, सेन्सर काढताना पाय इथंच टेकवला होता. दोन्ही लॅपटॉपांना फसवायला खोटी खोट घातली, आणि खरी खोट पायाखालून निसटून गेली.

“नाव लागलं,” चाचा म्हणाले. त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतायत. “नाव लागलं गं बाई! दस्तगीर! दस्तगीर मुलाणी!”

आणि त्यांनी पट्टी आवळली.

माझ्या बोटांखालचा ठेका सरळ झाला. सरळ, सरळ, सरळ. पडद्यावरची रेघ निजल्या मुलासारखी पडून राहिली. आणि चाचा तिथंच पोकलेनच्या साखळीच्या पट्ट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. नाना हसले, मगदूमनं तर जमिनीवर बसकण मारली. पुष्करही हसत हसत म्हणाले, “मी पंपाची ऑर्डर लिहायला पेन काढलं होतं हो!” आई चहा घेऊन बाहेर आली आणि ट्रे हातात धरून नुसती बघत राहिली, की ह्या सगळ्यांना झालंय काय.

चहा झाल्यावर मी मगदूमला विचारलं, “ही खालची चौकट रिकामी का?”

“तुमच्यासाठी. आम्हाला सगळं कुठलं ठाऊक असणार वं? तुम्ही मशिनीत काय बघितलं, काय केलं, ते लिवायचं. आम्ही पारखून घेतो, आणि मग हे सॉफ्टवेअर जिथं जिथं असंल तिथं तोच दिवा पेटला की तुमचं लिवलेलं दिसतं.”

“मराठीत चालेल?”

“चालंल की. ओवी लिवली तरी चालंल.”

पुष्करच्या सॉफ्टवेअरात तसली जागा नव्हती. ते सगळं भरलेलं होतं, नीटनेटकं, दाट. मशिनींच्या कंपन्याही जास्त, दिसायलाही देखणं.

“मग?” नानांनी विचारलं. “कुठलं?”

“मगदूमचं.”

“ठाऊक न्हाई म्हणणारं?” नानांचा चेहरा पडला. “का गं?”

“पुष्करसरांच्या सॉफ्टवेअरला दर वेळी नेट लागतं. खाणीत रेंज कुठाय? हे तिथंही चालतं.”

हे खरंच होतं. पुष्करनी प्रामाणिकपणे मान डोलावली. नानांनाही पटलं. चाचा तेव्हा नळावर हात धूत होते. आमचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं नसणार. निघताना त्यांनी मला नुसतं, “येतो पोरी,” म्हटलं, आणि पेचकस भिंतीला न टेकवता काखेत मारून घेऊन गेले. तो पेचकस गॅरेजच्या बाहेर गेलेला मी कधी पाहिला नव्हता.

खंडेनवमीच्या सकाळी अंगण सारवलं, सडा घातला, सतरंजी अंथरली. पाने, जॅक, हातोडे, ग्रीसची बंदूक, सगळे न्हाऊनमाखून ओळीनं बसले. ओळ लावायचं काम दर वर्षी चाचांचं, आणि ओळीत सगळ्यात पुढं त्यांचा पेचकस. त्या दिवशी चाचा आले नव्हते. मगदूम ठेवून गेलेला लॅपटॉप नानांनी पुढं ठेवला, दोनदा उचलला, परत ठेवला. “दस्तगीर कसा आला न्हाई अजून?” असं ते सगळ्यांना विचारत होते, पोकलेनलासुद्धा.

फाट्यावरून चाचा येताना दिसले. काखेत पेचकस. आणि हातात दावं. दाव्याच्या टोकाला एक काळीभोर शेळी.

बोलले ते करून दाखवलं.

शेळी अंगणात येऊन बें करून ओरडली. चाचांनी ओळीकडं बघितलं, पुढं बसलेल्या लॅपटॉपकडं बघितलं.

“बसला म्हणायचा पाव्हणा मानाच्या जागी.”

मी लॅपटॉप उघडला. तीच ती कालची पिवळी चौकट उघडी ठेवली होती मी, आणि तिच्याखालची पांढरी, अजून रिकामी. शेजारी एक पाट मांडून ठेवलेला होता. मी त्यांच्यासमोर, त्यांना माझे ओठ दिसतील अशी बसले आणि सावकाश म्हटलं, “अजून कुठं बसलाय, चाचा? रिकामा आहे तो. त्याला काहीच येत नाही. सांगा, काय लिहू?”

चाचांनी चौकटीकडं बघितलं. मग पाटाकडं. मग माझ्याकडं, कालच्यासारखंच जवळून.

“कान गेलेत माझे, पोरी. अक्कल न्हाई गेली,” ते हळूच म्हणाले. “काल नळावरनं ओठ दिसले तुझे. रेंजसाठी घेतलंस व्हय हे?”

मी पाट त्यांच्याकडं सरकवला. चाचा मटकन पाटावर बसले.

“लिही. उचकी.”

मी लिहिलं. उचकी.

“पहिलं नाव घ्यावं. मग टाकीकडनं येणारी नळी हातानं चाचपत फिल्टरापातुर यावं. पट्टी सैल असंल. पंपाला हात लावू नये, त्याचा काय बी दोष न्हाई.”

“आणि नाव कुणाचं घ्यायचं?” मी विचारलं.

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “लागलंय तेच लिही की.”

मी तसंच लिहिलं. मग चाचांनी काखेतला पेचकस काढला आणि लॅपटॉपवर आडवा ठेवला, कडेवर घेतल्यासारखा. आईनं दोघांना मिळून एकच हळदकुंकू लावलं आणि गुणगुणली,

लोखंडाला लेवू दे गं, हळदीचं पिवळं लेणं
नव्या पाव्हण्या, तू शीक थोरल्याचं बोलणं-चालणं

“आणि ही शेळी?” नानांनी शेवटी विचारलं.

“वहिनींना दुधाला आणलीय. तुमच्या डब्यातल्या दुधाचा चहा मला उतरत न्हाई,” चाचा म्हणाले. नंतर एकदा, पुष्कळ नंतर, त्यांनी मला सांगितलं, की घरून निघताना ती राखायलाच घेतली होती. फाट्यापासून अंगणापर्यंत येताना काय ते ठरलं.

तोवर शेळीनं पोकलेनच्या गळ्यातली झेंडूची माळ अर्धी खाल्ली होती. ती आमच्या दारातच राहिली. मगदूमनं तिचं नाव अपडेट ठेवलं. त्याचे अपडेट कधी वेळेवर यायचे, कधी नाही. आमच्या अपडेटनं मात्र कधी खाडा केला नाही, दर खेपेला जुळी.

त्यानंतर चाचा रोज त्या पाटावर बसत. मी तळव्यावर वाजवायची, ते नाव सांगायचे. घोरणं, कण्हणं, दात खाणं, रुसवा, धाप, सगळं मी एकेका रिकाम्या चौकटीत उतरवत गेले. मगदूम फोन करून विचारायचा, “ताई, रुसवा आणि धाप ह्यात फरक काय?” आणि चाचा इंजिनाच्या धडधडीवरून ओरडून त्याला समजावायचे. पिकल्या पानासारखे, हसत हसत, ते एका हिवाळ्यात गेले. पेचकस मला देऊन गेले.

आता मी गावोगाव जाऊन मशिनरीच्या दुरुस्तीचं शिकवते. मागच्या वर्षी झारखंडात, एका बोगद्याच्या कामावर गेले होते. डोंगर तिथलाही तसाच, खडीचा वासही तसाच. तिथला मिस्त्री महतो धावत आला.

“मैडम, पोकलेन को उचकी लगी है.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “हिचकी?”

“नहीं मैडम, उचकी. सिस्टम में यही लिखा है.”

त्यानं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. दिवा तोच, चौकट तीच, आणि तिच्याखाली माझी अक्षरं, चाचांचे शब्द. इंजिन आवंढे गिळत होतं. महतोच्या हाताखालच्या पोरांनी मशिनीभोवती कडं केलं होतं आणि सगळे कशाची तरी वाट बघत थांबले होते.

“किस बात के लिए रुके हो?” मी विचारलं.

“लिखा है ना, पहले नाम लेना है,” महतो म्हणाला. “हम हर बार लेते हैं, काम हो जाता है.” मग जरा जवळ येऊन, आदबीनं, “मैडम, ये दस्तगीर कौन से बाबा हैं?”

माझी बोटं आपोआप माझ्याच तळव्यावर वाजायला लागली होती. सरळ, सरळ, आवंढा.

“हमारे घर के हैं,” मी म्हटलं. “और नाम ज़रा ज़ोर से लेना, महतो. उनको कम सुनाई देता है.”